गंगनानीजवळची केबल : ८ मे २०२५ च्या हेलिकॉप्टर अपघाताचा अभ्यास

८ मे २०२५ रोजी सकाळी ८ वाजून ११ मिनिटांनी उत्तराखंडात यमुनोत्रीजवळच्या खरसाली हेलिपॅडवरून एक बेल ४०७ हेलिकॉप्टर उडालं. आत पायलट आणि सहा यात्रेकरू. जायचं होतं हर्षिलच्या अलीकडच्या झाला हेलिपॅडला. तिथून पुढे गंगोत्री. साडेआठच्या सुमारास ते भागीरथीच्या खोऱ्यात, उत्तरकाशी जिल्ह्यातल्या गंगनानीजवळ कोसळलं. पायलट आणि पाच महिला यात्रेकरू गेल्या, त्यांतल्या तीन मुंबईच्या. एकच प्रवासी वाचला, तोही गंभीर जखमी होऊन.

विमान अपघातांचा तपास करणाऱ्या केंद्राच्या ब्युरोने, म्हणजे एएआयबीने, जुलैमध्ये प्राथमिक अहवाल दिला. त्यातला घटनाक्रम पाच-सहा वाक्यांत मावतो. चोवीस मिनिटं उडाल्यावर हेलिकॉप्टर नेमून दिलेली उंची सोडून खाली येऊ लागलं. पायलटने उत्तरकाशी-गंगोत्री रस्त्यावर, राष्ट्रीय महामार्ग ३४ वर, उतरायचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नात मुख्य रोटरचं पातं रस्त्याला समांतर जाणाऱ्या एका फायबर केबलला लागलं. रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्यांचीही मोडतोड झाली. हेलिकॉप्टर तिथे थांबू शकलं नाही, उतारावरून गडगडत गेलं आणि रस्त्यापासून सुमारे अडीचशे फूट खाली एका झाडाला अडकलं. आग लागली नाही.

उंची का सोडली, हे या अहवालात नाही. प्राथमिक अहवालाकडून ती अपेक्षाही नसते. त्याचं काम हाती आलेली वस्तुस्थिती नोंदवून ठेवण्याचं. हेलिकॉप्टर जळलं नाही ही तपासाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. एंजिन, कंट्रोल, पाती, सगळं तपासायला हाती राहतं. बेल ४०७ ची बांधणी कॅनडात होते आणि एंजिन अमेरिकन, त्यामुळे दोन्ही देशांच्या तपास यंत्रणांचे प्रतिनिधीही यात आहेत. एंजिनाचं काय झालं ते ही मंडळी शोधतील. मला बोलायचंय ते शेवटच्या काही सेकंदांबद्दल, आणि त्यासाठी प्राथमिक अहवालातली ती एक ओळ पुरेशी आहे: रस्त्याला समांतर जाणारी केबल.

तारेला लागून हेलिकॉप्टर पडलं की बातमीत तारच गुन्हेगार ठरते. पण धावत्या उड्डाणात तारेला लागलेलं हेलिकॉप्टर आणि नाइलाजाने खाली आलेलं हेलिकॉप्टर, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिल्यात पायलट मुळात तारेच्या उंचीवर उडत असतो: फवारणी, वीजवाहिन्यांची पाहणी, मदतकार्य, सैन्याचं कमी उंचीवरून उडणं. दुसऱ्यात तो तिथे अगदी शेवटी पोचतो, आणि दुसरी कुठली जागा उरली नाही म्हणून पोचतो. गंगनानी दुसऱ्या प्रकारातलं आहे. तारेपासून बचावाचे आज जे उपाय आहेत ते जवळजवळ सगळे पहिल्या प्रकारासाठी बेतलेले आहेत, आणि या अपघातात त्यांतला एकही कामी येण्यासारखा नव्हता. ते कसं, हे पुढे येईलच.

रस्ताच का

भागीरथीचं खोरं ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रश्न पडणार नाही. खाली नदी, दोन्ही बाजूंना उभे उतार, उतारांवर झाडी. सपाट म्हणावं असं काही असेल तर शेताच्या अरुंद पायऱ्या, नदीकाठचे गोट्यांचे पट्टे आणि डोंगर कापून काढलेला रस्ता. हेलिकॉप्टर जागच्या जागी उतरू शकतं हे खरं, पण त्यालाही टेकायला सपाट जमीन लागते. उतारावर टेकलं तर ते कलंडतं, आणि वरच्या अंगाची पाती उतारातच घुसतात.

एक एंजिन असलेल्या हेलिकॉप्टरचं एंजिन बंद पडलं तर पायलट ऑटोरोटेशनमध्ये जातो. खालून वर येणारी हवा पाती फिरवत ठेवते आणि यंत्र ताब्यात राहून खाली येतं. पण ते खाली येणं संथ नसतं. मिनिटाला साधारण दीड हजार फूट किंवा त्याहून जास्त. जमिनीपासून हजार फुटांवर असाल तर हाती असतात चाळीसेक सेकंद. गंगनानीत एंजिन बंद पडलं होतं असं मी म्हणत नाही, अहवालही म्हणत नाही. कारण काहीही असो, अचानक खाली यावं लागलं की वेळ याच मापात मोजायची असते, एवढं ध्यानात घ्यावं. त्या वेळात जागा हेरायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, वेग सांभाळायचा आणि प्रवाशांना काही सांगता आलं तर सांगायचं.

त्यात उंचीचा भाग आहेच. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर हवा प्रमाण परिस्थितीत जवळपास अठरा टक्के विरळ असते. पात्यांना उचल कमी मिळते आणि एंजिनाचीही ताकद घटते. सात माणसं घेऊन या उंचीवर एका जागी तरंगत राहायला जो ताकदीचा शिलकी साठा लागतो तो मैदानी भागाच्या मानाने तुटपुंजा असतो. पहिली जागा पसंत पडली नाही म्हणून तरंगत राहून दुसरी बघू, ही चैन डोंगरात फार कमी वेळा परवडते.

म्हणून रस्ता. वरून बघताना तोच एक लांब, सपाट, झाडं नसलेला पट्टा दिसतो. पायलटची निवड मला चुकीची वाटत नाही. त्या खोऱ्यात दुसऱ्या कुणी वेगळी निवड केली असती, असंही वाटत नाही.

अडचण अशी, की डोंगरात रस्ता ज्या कारणाने हेलिकॉप्टरला सोयीचा, त्याच कारणाने खांबांनाही सोयीचा. विजेच्या तारा, टेलिफोन, आता फायबर, सगळं रस्त्याच्या कडेने जातं. खांब वाहून आणता येतो, उभा करता येतो, तुटलेली केबल जोडायला माणूस गाडीने पोचतो. उतारावरून सरळ रेषेत लाइन नेणं महाग आणि सांभाळायला कठीण. त्यामुळे आणीबाणीत उतरायला जो पट्टा सगळ्यात आधी नजरेत भरतो, बहुतेक वेळा तारांचाही तोच पट्टा असतो. हा योगायोग नाही, भूगोलच तसा आहे.

पट्ट्याची रुंदी आणि पात्याचं टोक

आता आकडे मांडून बघू. बेल ४०७ च्या मुख्य रोटरचा व्यास १०.६७ मीटर. दोन पदरी रस्त्याचा डांबरी भाग साधारण सात मीटर. हेलिकॉप्टर रस्त्याच्या अगदी मध्यावर आणलं तरी पात्यांचं वर्तुळ दोन्ही कडांच्या बाहेर जवळजवळ दोन-दोन मीटर जातं. खांब उभे असतात ते नेमके याच भागात, नाहीतर त्याच्या अगदी लगत. एका बाजूला डोंगराची कापलेली भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा आणि दरी. मध्यापासून एखादा मीटर सरकलं की सरकलेल्या बाजूला उरलेलं अंतर संपतं.

पायलट उजव्या खुर्चीत बसतो. उजवीकडचं अंतर त्याला दारातून बघता येतं. डावीकडचं पात्याचं टोक त्याच्यापासून पाच मीटरहून दूर, मध्ये रिकामी खुर्ची किंवा प्रवासी. ते टोक त्याला दिसत नाही. अनुभवाने अंदाज बांधावा लागतो. फिरतं पातं तसंही दिसत नाही. ही पाती मिनिटाला चारशेहून जास्त फेरे घेतात, चार पाती असल्याने वर्तुळाच्या कडेवरच्या कुठल्याही एका बिंदूवरून सेकंदाला सत्तावीसेक वेळा पातं जातं, आणि टोकाचा वेग ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे असतो.

अशा टोकाला केबल लागली तर ती साधी तुटून बाजूला पडेल असं वाटू शकतं. कधी तसं होतंही. पण खांबावरून नेलेल्या केबलला स्वतःचं वजन, वारा, बर्फ हे सगळं पेलायचं असतं, म्हणून तिच्यात ताण सोसणारा गाभा असतो. काहींत पोलादी तार, काहींत ॲरामिड धागे, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात त्याच जातीचे. हे धागे कापायला चिवट असतात. पात्याने केबल तोडली नाही तर ती ओढली जाते आणि फिरत्या मास्टभोवती, म्हणजे पाती ज्यावर बसवलेली असतात त्या उभ्या दांड्याभोवती, गुंडाळू शकते. मास्टला लागून पात्यांचा कोन बदलणारे दांडे असतात. पायलटच्या हातातल्या दोन्ही कंट्रोलचा हुकूम शेवटी तिथे पोचतो. ते अडकले किंवा वाकले की हेलिकॉप्टर पायलटचं ऐकत नाही. पात्याचं टोक फुटलं तर चारांतलं एक पातं हलकं होतं आणि त्या असमतोलाने पूर्ण यंत्र हादरून काढलं जातं.

गंगनानीत यांतलं नेमकं काय झालं हे पात्यांवरच्या खुणा सांगतील. कठडे मोडले याचा अर्थ मी असा लावतो, की यंत्र रस्त्याच्या पातळीपर्यंत आलं होतं आणि मग ताबा गेल्यावर दरीच्या अंगाला गेलं. म्हणजे उतरणं जवळजवळ साधलं होतं. शेवटचे काही मीटर राहिले होते.

ती दिसली का नसेल

तार न दिसणं याला लोक दुर्लक्ष समजतात. ते अन्याय करणारं आहे. काळी, बोटाएवढी जाड केबल गडद झाडीच्या पार्श्वभूमीवर काही मीटरवर येईपर्यंत डोळ्याला सुटी अशी दिसतच नाही. खोल दरीत सकाळी एका उतारावर ऊन तर दुसऱ्यावर सावली. एकच केबल एका टप्प्यात चमकते आणि पुढच्या टप्प्यात नाहीशी होते.

दिसली तरी ती किती दूर आहे ते कळत नाही. आपले दोन डोळे आडव्या रेषेत आहेत. दोन्ही डोळ्यांना वस्तू किंचित वेगळ्या जागी दिसते, त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. आडव्या, एकसारख्या तारेच्या बाबतीत हा फरकच मिळत नाही. एका डोळ्याला दिसलेला तारेचा तुकडा आणि दुसऱ्याला दिसलेला तुकडा यांत ओळखीची खूण नसते. म्हणून पायलटांना शिकवतात की तार शोधू नका, खांब शोधा, आणि ओलांडायची वेळ आलीच तर खांबाच्या डोक्यावरून ओलांडा. खांब दिसतो, त्याचं अंतर कळतं, आणि तिथे तारेची उंची नक्की असते.

हा चांगला नियम आहे, पण तो आडव्या येणाऱ्या तारेसाठी आहे. समांतर तारेला ओलांडायचं नसतं, तिच्या शेजारी उतरायचं असतं. आणि रस्त्याच्या रेषेत खाली येणाऱ्या पायलटला ती लाइन बाजूने दिसत नाही, टोकाकडून दिसते. खांब एकामागे एक झाकले जातात, लांबच्या लांब केबल आक्रसून खांबांच्या मध्ये एक छोटी रेघ उरते. उंचीचा अंदाज बरोबर असूनही बाजूचं अंतर चुकू शकतं. त्यात रस्ता वळणाचा असेल तर खांबांची रांग वळणाचा आतला कोपरा साधून जाते, आणि मागच्या टप्प्यात कडेला असलेली केबल पुढच्या टप्प्यात रस्त्याच्या वर आलेली असते.

आणि तार माहीत असणं पुरतं असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या शेती-फवारणीच्या अपघातांचा तिथल्या तपास यंत्रणेने अभ्यास केला, तेव्हा तारेला धडकलेल्या पायलटांपैकी निम्म्याहून अधिकांना ती तार तिथे आहे हे आधीपासून माहीत होतं. लक्ष दुसऱ्या कामावर गेलं की माहीत असलेली तारही मनातून जाते. अचानक उतरावं लागणाऱ्याच्या मनावर तर एकाच वेळी दहा कामांचा भार असतो.

जी उपकरणं आहेत, ती

सगळ्यात जुनं आणि स्वस्त उपकरण म्हणजे तार कापणारं कटर. १९७० च्या दशकात कॅनडाच्या संरक्षण खात्यात ही कल्पना निघाली, अमेरिकी सैन्याने १९७९ मध्ये त्याच्या चाचण्या घेतल्या, आणि पुढे ते कितीतरी प्रकारच्या हेलिकॉप्टरांवर बसलं. छतावर एक आणि नाकाखाली एक अशी दोन धारदार पाती, मध्ये काचेवरून जाणारी एक पट्टी. समोरून आलेली तार काचेवरून घसरत वर किंवा खाली जाते आणि कटरच्या खोबणीत सापडून तुटते. साडेनऊ मिलिमीटरची पोलादी तार कापण्याची त्याची क्षमता सिद्ध झालेली आहे आणि त्याने जीव वाचवलेत. पण त्याला दोन गोष्टी लागतात: वेग, ताशी पन्नास-साठ किलोमीटर तरी, आणि तार यंत्राच्या अंगावर समोरून येणं. उतरताना वेग संपत आलेला असतो. तार बाजूने, थेट पात्याच्या टोकाला लागली तर कटरपर्यंत ती पोचतच नाही. त्यामुळे त्या हेलिकॉप्टरवर कटर असतं तरी या अपघातात फरक पडला नसता, असं माझं मत आहे.

दुसरं, वीजवाहिनी ओळखणारं यंत्र. वाहत्या विजेभोवती जे क्षेत्र तयार होतं ते पकडून ते पायलटच्या कानात आवाज देतं. फायबर केबलमधून प्रकाश जातो. तिच्याभोवती पकडण्यासारखं असं काहीच नसतं, आणि रोपवेच्या किंवा सामान उतरवणाऱ्या ट्रॉलीच्या नुसत्या पोलादी दोरालाही ते लागू पडत नाही. डोंगरात या दोन्ही जातींच्या तारा असतात.

तिसरं, अडथळ्यांची माहिती साठवलेला नकाशा, जो कॉकपिटमधल्या पडद्यावर इशारा देतो. नकाशात जे असेल त्याचाच इशारा मिळणार. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे देशभराच्या अडथळ्यांच्या नोंदवहीत जमिनीपासून शंभर मीटर किंवा त्याहून उंच असलेल्या गोष्टी घ्यायच्या असतात. विमानतळाजवळ निकष कडक होतात. रस्त्याकडेचा आठ-दहा मीटरचा खांब या चाळणीतून सहज गळतो. तो गळणं नियमाच्या दृष्टीने योग्यही आहे, कारण त्या उंचीवर कुणी उडणार नाही असंच गृहीत धरलेलं आहे. लेझरने समोरच्या तारा शोधणारी यंत्रणाही आहे, जर्मनीच्या पोलिसांच्या हेलिकॉप्टरवर ती वापरली गेली. पण यात्रेच्या छोट्या हेलिकॉप्टरवर तिचं वजन आणि खर्च बसत नाही.

राहिले ते नारंगी गोळे, किमान साठ सेंटिमीटर व्यासाचे, त्या आकारात जास्तीत जास्त तीस मीटरवर एक. दरी ओलांडणाऱ्या वाहिनीवर ते हवेतच. शेकडो किलोमीटर रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या प्रत्येक केबलवर ते लावा, असं कुणी म्हणणार नाही, आणि लावले तर केबल त्यांचा भार आणि वारा पेलणारही नाही.

याच जिल्ह्यात, त्याआधी सहा वर्षं

ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मोरी तालुक्यातल्या आराकोट भागात ढगफुटी झाली. रस्ते वाहून गेले आणि गावांना हेलिकॉप्टरने सामान पोचवायला सुरुवात झाली. २१ ऑगस्टला मदत पोचवून परतणारं एक हेलिकॉप्टर मोल्डी गावाजवळ तारेला लागून पडलं. पायलट, सहपायलट आणि एक स्थानिक रहिवासी असे तिघे गेले. ती तार विजेची नव्हती. वरच्या बागांतून सफरचंदांच्या पेट्या रस्त्यापर्यंत उतरवायला शेतकरी दरीवरून पोलादी दोर ताणतात, त्या ट्रॉलीची ती तार. दोनच दिवसांनी, २३ ऑगस्टला, त्याच भागात मदतीवरच्या दुसऱ्या हेलिकॉप्टरला अशाच तारेपायी नदीपात्रात तातडीने उतरावं लागलं आणि आतली माणसं जखमी झाली.

हे प्रकरण मी इथे आणतोय ते एका गोष्टीसाठी. त्या खोऱ्यातल्या प्रत्येक माणसाला कुणाची ट्रॉली कुठून कुठे जाते ते ठाऊक असतं. त्या हेलिकॉप्टरमध्येही स्थानिक माणूस बसलेला होता. माहिती खोऱ्यात होती, पायलटच्या हातातल्या नकाशावर नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातले रोपवे, लाकूड वाहणाऱ्या तारा, वीजवाहिन्या यांची सार्वजनिक नोंदवही आहे आणि अडथळ्यांचे नकाशे निघतात, कारण तिथे हेलिकॉप्टर हे रोजच्या कामाचं साधन आहे. उत्तराखंडातही आता ते तसंच झालंय. फक्त नोंदवही झालेली नाही.

महाराष्ट्राला तारेचा अनुभव आहे तो २५ मे २०१७ चा. लातूर जिल्ह्यात निलंग्याला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन उडालेलं सिकोर्स्की हेलिकॉप्टर उडताच परत उतरायच्या प्रयत्नात तारांना लागून कोसळलं. सहाही जण वाचले. तिथेही तार नंतरची. आधी उंची मिळेना झाली, आणि खाली येण्याच्या वाटेवर ती होती.

बडासूचा रस्ता

गंगनानीनंतर महिन्याभराने, ७ जूनला, केदारनाथच्या वाटेवर सिरसीहून उडालेल्या एका हेलिकॉप्टरला उडाल्याबरोबर अडचण आली आणि पायलटने ते बडासू इथे महामार्गावर उतरवलं. शेपूट मोडली, उभ्या असलेल्या एका मोटारीचं नुकसान झालं, पायलटला दुखापत झाली. पाचही यात्रेकरू सुखरूप.

निवड तीच, रस्त्याची. दोन्ही घटना शेजारी ठेवून पायलटांची तुलना करायचा मोह टाळावा. उंची वेगळी, अडचण वेगळी, हाती असलेला वेळ वेगळा. पण बडासूने एक गोष्ट दाखवली, की डोंगरातल्या रस्त्यावर उतरणं जमू शकतं आणि त्यात सगळे वाचू शकतात. तेव्हा रस्त्यावर उतरूच नये असा धडा गंगनानीतून काढणं चूक ठरेल. आठवडाभराने, १५ जूनला, गौरीकुंडजवळच्या अपघातात सात जण गेले. ते प्रकरण खराब हवामानाचं दिसतं, तारेचं नाही, म्हणून त्यात शिरत नाही. एका हंगामात किती घडलं ते मात्र ध्यानात राहावं.

मग करायचं काय

सगळ्या केबल जमिनीखाली घाला, ही मागणी अपघातानंतर ऐकू येते. डोंगरात ती टिकत नाही. दरड कोसळते, रस्ता रुंद करायला मशिनं येतात, आणि जमिनीखालची केबल दर पावसाळ्यात तुटते. खांबावरची केबल लवकर जोडता येते. आपत्तीत गावाचा संपर्क तिच्यावर असतो. ती गावाची गरज आहे, आणि यात्रेच्या हेलिकॉप्टरांसाठी गावाने ती गमवावी हे मला न्याय्य वाटत नाही.

करता येण्यासारखं आहे ते उलट दिशेने: तार सगळीकडून हटवण्याऐवजी काही जागा तारेपासून मोकळ्या ठेवणं. हेलिकॉप्टरांचे यात्रामार्ग ठरलेले आहेत, ती त्याच खोऱ्यांतून जातात. प्रत्येक खोऱ्यात काही-काही किलोमीटरवर रस्त्याचा एखादा सरळ, त्यातल्या त्यात रुंद तुकडा, पार्किंगची जागा, शाळेचं मैदान किंवा नदीकाठचा पक्का पट्टा निवडता येतो. दीडशे-दोनशे मीटरच्या त्या तुकड्यापुरती केबल जमिनीखाली न्यायची, किंवा डोंगराच्या अंगाला वर सरकवायची. दोन्ही टोकांचे खांब ठळक रंगवायचे. जागेचे अक्षांश-रेखांश हंगामाआधी प्रत्येक पायलटच्या जीपीएसमध्ये भरायचे आणि पायलटने तिथून एकदा तरी प्रत्यक्ष उडून ती जागा बघायची. नंतर कुणाला तिथे नवा खांब रोवायचा असेल तर परवानगी देणाऱ्या कार्यालयाच्या नकाशावर तो तुकडा लाल दिसला पाहिजे. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. जागा मोकळी करणं एका महिन्याचं काम, ती मोकळी ठेवणं वर्षानुवर्षांचं.

अशा जागा सगळ्यांना वाचवणार नाहीत. चाळीस सेकंदांत त्या टप्प्यात असतीलच असं नाही. पण आज पायलट खाली बघतो तेव्हा त्याला दिसणारा प्रत्येक सपाट तुकडा सारखाच अनोळखी असतो. त्यांतला कुठला मोकळा आहे हे आधीच ठाऊक असणं, ही त्या क्षणी मिळू शकणारी फार मोठी मदत आहे.

ट्रॉलीच्या तारांची नोंद याहून सोपी. तहसील कार्यालयाने गावोगाव विचारून ती करावी, सफरचंदांच्या हंगामाआधी दरवर्षी ताजी करावी, आणि आपत्तीत हेलिकॉप्टर उडवायची वेळ आली तर पायलटच्या हाती तो कागद पहिल्या उड्डाणाआधी पडावा.

अंतिम अहवालात लोक एंजिनाबद्दलची पानं आधी शोधतील, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात दुसरी मोजमापंही हवीत: केबल जमिनीपासून किती उंचीवर होती, रस्त्याच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर, डोंगराच्या बाजूला की दरीच्या, दोन खांबांतलं अंतर किती, केबल तुटली की ओढली गेली, आणि पात्यावर तिची खूण टोकापासून किती इंचांवर आहे. उतरण्यासाठी मोकळा ठेवायचा पट्टा किती मीटर रुंद असावा, हे या आकड्यांवरून ठरवता येईल.